पंख, प्रेम आणि पाचशे वर्षांचे नवरे : तुमचे अनुभव सांगा

सुरंगी
भाची मे महिना इथे काढून गेली आणि जाताना एक जाडजूड पुस्तक माझ्या उशाशी ठेवून गेली. पानांच्या कडा काळ्या, त्यावर ड्रॅगन. म्हणाली, "मावशी, वाचच. तुला तुझा गुडघा आठवेल."

आता ड्रॅगनचा आणि माझ्या गुडघ्याचा काय संबंध? पण आहे. 'फोर्थ विंग'मधली ती व्हायोलेट. हिचे सांधे जागेवर राहत नाहीत, जरा धक्का लागला की खांदा निखळलाच. पुस्तकं-दप्तरं सांभाळणाऱ्या शाखेत जायचं म्हणून हिने सगळी तयारी केलेली, आणि आई पडली सेनापती. ती हिला ढकलते ड्रॅगनस्वारांच्या शाखेत. तिथे शिरायचं म्हणजे आधी उंचावरच्या अरुंद कठड्यावरून चालत जायचं, तोल गेला की संपलं. ही सांध्यांना पट्ट्या आवळून जाते. लेखिका रेबेका यारोस हिला स्वतःला एलर्स-डॅन्लॉस नावाचा आजार आहे, त्यात सांधे असेच सैल असतात. म्हणून ते दुखणं खरं उतरलंय. नायिका बिचारी दिसावी म्हणून वरून चिकटवलेलं नाही.

माझी गुडघ्याची वाटी लहानपणापासून सरकते. खो-खोत मला कुणी घ्यायचं नाही. मग सुट्टीत मी अंगणात आजीजवळ, कोकमाची सोलं वाळत घातलेली असायची त्यावरचे कावळे हाकत. ती गोष्टी सांगायची. त्यातली एक या पुस्तकामुळे कित्येक वर्षांनी वर आली. खालच्या वाडीतल्या एका बाईवर राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या न दिसणाऱ्या शक्तीचा, जीव बसला. तो तिला कधी दिसला नाही, कधी बोलला नाही. पण भर वैशाखात सगळ्यांच्या विहिरी तळाला जायच्या तेव्हा तिच्या विहिरीचं पाणी एक पायरीसुद्धा उतरायचं नाही. बस, एवढंच प्रेम. बाईला ते कधी कळलं, कळलं की नाही, आजी सांगायची नाही.

नव्या पुस्तकांत मला ही विहीर सापडत नाही. नायक झेडन चांगला आहे हो, पण दर चार पानांनी त्याचे खांदे. मला कळलं आहेत खांदे, पुढे चला. ड्रॅगन मात्र झकास. टॅर्न म्हणजे थेट आमचे गणिताचे सर, प्रेम असेल तर ते ओरडण्यातूनच कळायचं. पहिलं पुस्तक २०२३ चं, ते जागून संपवलं. 'आयर्न फ्लेम' त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातलं, तेही वाचलं. २०२५ च्या जानेवारीतलं 'ऑनिक्स स्टॉर्म' अर्ध्यात ठेवलंय. या बेटावरून त्या बेटावर, आमच्याकडच्या होड्यासुद्धा एवढ्या फेऱ्या मारत नाहीत.

तर ही जादू आणि प्रेमवाली पुस्तकं तुम्ही कोणी वाचता का? काय आवडलं, काय डोक्यात गेलं, कुठे बसून वाचलंत, कुणापासून लपवलंत? सगळं चालेल.

बांगडा_फ्राय
अगो सुरंगे, ड्रॅगनचा सोड, त्या राखणदाराचा पुढे काय झाला ता सांग आधी

सुरंगी
काय नाय झाला, आजी तिथेच थांबायची :)

बांगडा_फ्राय
ह्या काय बरोबर नाय. 

माझ्या सुनेन माका ता कोर्टाचा पुस्तक वाचून दाखवल्यान, काटे नि गुलाब. पाचशे वर्सांचो घोव! आमच्या वाडीत पस्तिशीतल्या झिलाक कोण पोरगी देवक तयार नाय आणि हय पाचशे. पेन्शन तरी कितकी असतली त्याका.

पाऊसवेडी
😂😂😂 बांगडाकाकू

मांडवी_प्रवासी
मी वाचत नाही, ऐकते. आठवड्याला घरी जायला रत्नागिरी ते पनवेल, हातात शिवण किंवा काहीच नाही, कानात पुस्तक. पण करबुड्याच्या बोगद्यात गाडी शिरली की साडेसहा किलोमीटर काळोख आणि रेंज गुल. आणि दरवेळी नेमकं तेव्हाच कुणीतरी कुणाला भिंतीला टेकवलेलं असतं. आता स्टेशनलाच डाउनलोड करून घेते.

एकदा हेडफोनचं चार्जिंग संपलं आणि ते धाडकन फोनच्या स्पीकरवर सुरू झालं. डबा भरलेला. मी बंद करेपर्यंत बाई जोरजोरात वीज, वादळ, आभाळ असं काय काय म्हणत होती (व्हायोलेटच्या हातून वीज पडते ना. आणि ती नक्की कधी पडते ते वाचलेल्यांना माहीत आहे). समोर एक आजोबा बसलेले, हर्णेकडचे असावेत. त्यांना मधले तेवढेच इंग्रजी शब्द कळले. गंभीरपणे विचारतात, "बावटा कितीचा लावलाय?" (बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा लावतात तो.)

मी म्हटलं तीन.

पाऊसवेडी
मेले मी

कातळसडा
तीन नंबर 😄 आजोबा होडी वर घ्यायला उतरले असतील मधेच

तळ्यात_मळ्यात
मी बीएस्सीला आहे, होस्टेलला. आमच्या मजल्यावर एकच प्रत फिरते, वर्तमानपत्राचं कव्हर घालून, वर "ऑरगॅनिक केमिस्ट्री" लिहिलेलं. सगळे त्या कोर्टाच्या पुस्तकांवर हसतात म्हणून मला लिहायचंय.

सारा मासचं या मालिकेतलं पहिलं, 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस', २०१५ चं. मला ते बरं वाटलेलं, बस. फेअर शिकार करते, लांडगा मारते, त्याची भरपाई म्हणून टॅमलिन तिला पलीकडच्या राज्यात नेतो, तो शापित, ती त्याला सोडवते. ठीक. पण दुसऱ्यात तोच टॅमलिन, ज्याच्यासाठी ही जीव देऊन परत आली, तो "तुझ्याच भल्यासाठी" करत तिला घरात जादूने कोंडून ठेवतो. बाहेर धोका आहे, तू थांब, मी बघतो. ती श्वास घेऊ शकत नाही. आणि लेखिका म्हणते की पहिल्या पुस्तकात तुम्हाला जो हिरो वाटला ना, नीट बघा.

मी ते वाचताना माझा एक मित्र होता. फोन कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस, मंदिराजवळ फोटो का टाकलास, काळजी वाटते म्हणून विचारतो. मला काळजीच वाटत होती ती. ते प्रकरण वाचून झाल्यावर मी गॅलरीत बराच वेळ उभी होते. पुढचं तुम्हीच समजा. तो आता नाहीये आयुष्यात.

तर हो, पाचशे वर्षांचा आहे तो दुसरा नायक ऱ्हायसँड, पंख आहेत, डायलॉग पण अति आहेत. पण त्याने विचारलं तिला. काय करायचंय तुला, असं. माझ्यासाठी तेवढं पुरे होतं.

खाडीकाठ
बाळ, छान लिहिलंस. सुटलीस.

बांगडा_फ्राय
गो बाय तुझ्यार हसूक नाय हां मी. त्या पंखवाल्याक माझो नमस्कार सांग. 

ओसरी
कोणाला दुखवायचं नाही पण ही सगळी जुनीच दारू. राजपुत्र, शाप, आरशातून दिसणारी राजकन्या, भुयार. आमच्या पिढीने नाथमाधवांचं 'वीरधवल' वाचलंय. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, तिथे आम्ही दोन भावंडं एका कार्डावर पुस्तकं आणायचो आणि कोण आधी वाचणार यावरून मारामाऱ्या. 'वीरधवल' वाचायला खांदे लागले नाहीत. प्रश्न भाषेचाही आहे, ही मुलं इंग्रजीतच वाचतात सगळं.

तळ्यात_मळ्यात
काका मराठीत लिहा ना मग कोणीतरी, आम्ही वाचू. खांदे नसले तरी चालेल (थोडे असू देत)

कातळसडा
ओसरी, निम्मं पटतं. मीही नाकं मुरडणाऱ्यातला. आमच्या हिने ड्रॅगनचं पुस्तक वाचून माझ्याशी आठवडाभर कमी बोलणं ठेवलं, कारण मी तिच्या मनातलं ओळखत नाही. अहो ते ड्रॅगन आहेत, मी ग्रामपंचायतीत आहे.

पण मला एक सापडलं. हेदर फॉसेटचं, एमिली वाइल्डचं. २०२३ ला पहिलं, मग २४, २५ ला पुढची. एमिली ही केंब्रिजची प्राध्यापक, काळ १९०९, संशोधनाचा विषय परी-यक्षांचा. म्हणजे त्या जगात ते खरेच असतात आणि ही त्यांचा कोश लिहितेय. उत्तरेकडच्या बर्फातल्या एका गावात जाते. सगळं पुस्तक तिची रोजनिशी, खाली तळटीपा. बाईला माणसांशी बोलता येत नाही, कुत्रा बरोबर. गावात गेल्या गेल्या तिथल्या मुख्य बाईला नकळत दुखावते आणि सगळं गाव तिच्याशी तुटक वागायला लागतं. सरपण कसं फोडायचं तेही कळत नाही तिला.

इथे मी हसलो, कारण हे मी पाहिलंय. राजापूर-लांज्याकडे सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, कातळशिल्पं आहेत, बारसू, देवाचे गोठणे, कशेळी. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव आल्यापासून बाहेरून माणसं येतात, वही-कॅमेरा घेऊन. काही नीट येतात. काही उतरल्या उतरल्या विचारतात, "इथे काय दंतकथा आहे?" एका शहाण्याने आमच्या गावच्या मानकऱ्याला गाऱ्हाणं (देवापुढचं मागणं) कॅमेऱ्यासमोर पुन्हा घालायला सांगितलं, आवाज नीट आला नाही म्हणून. गाऱ्हाणं पुन्हा! म्हातारा काही बोलला नाही. त्या माणसाला गावात पुढे कुणी काही सांगितलं नाही. चहा मात्र दिला.

एमिलीचं तेच होतं. आणि मग ती हळूहळू शिकते की इथल्या माणसांचे त्या न दिसणाऱ्यांशी करार आहेत. काय द्यायचं, कधी द्यायचं, कोणत्या झाडाखाली थांबायचं नाही. सुरंगीताई, तुमची विहीर तिथे आहे बघा. प्रेमकथा पण आहे, तिचा सहकारी वेंडेल, देखणा, महाआळशी, ही त्याच्यावर सतत चिडलेली. प्रेम सगळं तळटीपांत लपलंय. ती बाई ते कबूलच करत नाही.

सुरंगी
कातळसडा, हे मागवते आजच. मानकऱ्याचं वाचून आमचे तात्या आठवले, ते पण असेच गप्प व्हायचे.

नवी_वाचक
कितीला आहे?

कातळसडा
पाचशेच्या आसपास घेतलेलं मी. फुटपाथवर स्वस्त मिळतं पण घेऊ नका.

मांडवी_प्रवासी
फुटपाथचं माझ्या बहिणीने घेतलेलं फोर्टला. मधली सोळा पानं दोनदा आणि शेवटची सोळा गायब. ती अजून मला विचारते शेवट काय झाला, मी सांगत नाही, भांडण आहे आमचं दुसऱ्या कारणावरून.

काजूबी
'आयर्न फ्लेम' वाचलेल्यांसाठी. त्यातले ते व्हेनिन, जे जादू ड्रॅगनकडून न घेता सरळ जमिनीतून ओढतात आणि मागे जमीन राखाडी मरून पडते. मला ते फार लागलं. आमच्या बागेला लागून सड्यावर चिरेखाण आहे. आधी तिथे पावसात सोनकी, सीतेची आसवं, नुसता गालिचा असायचा. आता चौकोनी खड्डे, हिरवं पाणी. लेखिकेला कोकण माहीत असायचं कारण नाही. आणि शेवटी झेडनच तसा होतो म्हटल्यावर

तळ्यात_मळ्यात
अहोoooo स्पॉयलर!!! मी दुसऱ्याच्या निम्म्यावर आहे!!

काजूबी
पुस्तक २०२३ चं आहे.

तळ्यात_मळ्यात
आमच्या मजल्यावर नंबर आत्ता आला 😭

पाऊसवेडी
बाळा रडू नको, एकाला कळलं म्हणजे मजल्याला कळलं

खाडीकाठ
मी या धाग्यावर लिहू की नको करत होते. वय माझं तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. चिपळूणची. लेकीने 'डिव्हाइन रायव्हल्स' दिलं, रेबेका रॉसचं. इंग्रजी मला सावकाश येतं, शब्दावर बोट ठेवलं की फोन अर्थ सांगतो, तसं वाचलं.

एका वर्तमानपत्रात दोघं नोकरीला, आयरिस आणि रोमन. एकाच जागेसाठी स्पर्धा, तोंड बघत नाहीत. दोन देवांचं युद्ध चाललंय आणि तिचा भाऊ त्यात गेलाय. ती त्याला टाइपरायटरवर पत्रं लिहिते आणि कपाटाच्या दाराखालून आत सरकवते. टाइपरायटर जादूचा, पत्रं गायब होतात. जातात कुठे, तर रोमनच्या कपाटात. तो वाचतो. पुढे उत्तर लिहितो, नाव न सांगता. नंतर ती युद्धाच्या बातम्या द्यायला आघाडीवर जाते, तिथेही पत्रं चालूच.

आमचे हे बोटीवर होते. मर्चंट नेव्ही. लग्न ठरलं आणि साखरपुड्यानंतर लगेच जहाज. मी तोपर्यंत त्यांच्याशी जे बोलले होते ते चहा घ्या, साखर पुरे का, एवढंच. नंतर पत्रं. मी खेर्डीच्या पोस्टातून टाकायची, कंपनीच्या पत्त्यावर, तिथून ती पुढच्या बंदराला जायची. तिकडून यायची ती कधी सिंगापूर, कधी रॉटरडॅम, कधी नुसता शिक्का पुसलेला. आज लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर दीड-दोन महिन्यांनी, तोवर प्रश्नच बदललेला. मी विचारलेलं असायचं पाऊस कसा आहे तिकडे, आणि ते सांगायचे अमुक माणूस तापाने आजारी पडला म्हणून मी दोन पाळ्या केल्या. त्यातून मला माणूस कळला. समोर बसून कळला नसता. समोर बसले की ते आजही पेपर वाचतात.

ती पत्रं लोखंडी पेटीत होती, आणि नंतर जागा नाही म्हणून खालच्या कपाटात ठेवलेली. २२ जुलै २०२१ ला पाणी आलं ते तुम्हाला माहीत आहे. आम्ही वर गच्चीत होतो. खाली उतरलो तेव्हा कपाट आडवं. चिखल. टिळक स्मारक वाचन मंदिराचीही कितीतरी पुस्तकं गेली त्या पुरात, १८६४ ची संस्था, तर आमच्या पत्रांचं काय. लोक धान्य टाकत होते, गाद्या टाकत होते, मी तो लगदा टाकला.

हे पुस्तक वाचताना मला कपाट आलं की पान मिटावंसं वाटायचं. पण मिटलं नाही. जादू बघा कसली मागते ती मुलगी, की पत्र पोचावं. ड्रॅगन नको, महाल नको. मला ते फार शहाणं वाटलं. दुसरा भाग 'रूथलेस व्हाउज' लेकीकडे आहे, पावसाळ्यात वाचेन.

सुरंगी
काकू...

पाऊसवेडी
काय लिहू कळत नाही. आमच्याकडे पेठमापला पण असंच. अल्बम गेले सगळे. 

मांडवी_प्रवासी
काकांना काही आठवतं का पत्रातलं? विचारा ना. तुम्ही लिहून घ्या.

खाडीकाठ
विचारलं आत्ताच. म्हणाले, "तू एकदा लिहिलेलंस गाय व्यायली." एवढंच आठवतंय त्यांना. मी कधी लिहिलं देव जाणे, आमच्याकडे म्हैस होती.

बांगडा_फ्राय
दुसऱ्या कोणाचा पत्र असात ता वहिनीनू 😂😂 चवकशी करा

खाडीकाठ
आता करतेच!

अबोली
मी पहिल्यांदाच लिहितेय इथे. ताशा सुरी हिचं 'द जॅस्मिन थ्रोन' (२०२१) कुणी वाचलंय का? त्याला २०२२ चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. जग आपल्यासारखंच आहे, साड्या, देऊळ, राण्या, सती घालण्यासारखं जाळणं. त्यात मालिनी ही राजकन्या, भावाने एका जुन्या पडक्या देवळात कैदेत टाकलेली, आणि प्रिया ही तिथे काम करणारी. एक रोग आहे ज्यात माणसांच्या अंगातून पानं-फुलं उगवतात. आणि त्या दोघी एकमेकींच्या प्रेमात पडतात.

मला इतकंच सांगायचं होतं की त्यात कुणी त्यावर भाषण देत नाही. राज्य जळतंय, भाऊ वेडा झालाय, कोण कुणाला फसवतंय हे आहे, आणि मधे हे प्रेम. मालिनी चांगली बाईसुद्धा नाही, डावपेच करते. मला ते बरं वाटलं. मी हे पुस्तक घरात उघड ठेवते. कव्हरवर तलवार आणि फुलं आहेत म्हणून आई काही म्हणत नाही. एकदा तिने विचारलं काय आहे यात. मी म्हटलं दोन मैत्रिणींची गोष्ट. तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली संपलं की मला सांग गोष्ट.

अजून सांगितली नाही.

कातळसडा
स्वागत. लिहीत राहा.

तळ्यात_मळ्यात
अबोलीताई ❤️ तिसरा भाग २०२४ ला आला, मालिका पूर्ण आहे, थांबायला नको

ओसरी
जगात काय काय असतं. पुस्तकाचं नाव पुन्हा द्या, माझ्या नातीने मागवायला सांगितलंय काहीतरी असंच, हेच असेल.

अबोली
द जॅस्मिन थ्रोन. धन्यवाद काका.

तिन्हीसांज
शाळेत शिकवते. मुलींनी काय वाचावं यावर मी पोलीस नाही, पण आठवी-नववीतल्या मुलींच्या दप्तरात यातली काही दिसतात आणि पालकांना वाटतं परीकथा आहे. मासची पुस्तकं पहिल्यांदा किशोरांसाठी म्हणून विकली गेली, नंतर प्रौढांसाठी म्हणून नवी मुखपृष्ठं आली. आता ती मुखपृष्ठं अशी चित्रातली गोड की कळायला मार्ग नाही. मागचं पान बघा, मधलं एखादं प्रकरण चाळा. दप्तरातून काढून घेऊ नका मात्र, ते दुसरीकडे वाचतातच. मी एकीला विचारलं कळतं का सगळं. म्हणाली, "बाई, तो भाग मी सोडते, मला ड्रॅगन हवेत." दुसरीने काहीच उत्तर दिलं नाही, लाल झाली.

कुणी आईबाबा आहेत का इथे? तुम्ही काय करता?

पाऊसवेडी
मी आधी वाचते मग देते. म्हणजे तसं सांगते घरी. मला वाचायचंच असतं.

देवराईतली
सगळ्यात आवडतं सांगते आणि पळते, भात लावणीची माणसं आलीत. नाओमी नोव्हिकचं 'अपरूटेड', २०१५ चं, त्याला नेब्युला पुरस्कार मिळालाय. त्यात 'ड्रॅगन' हे जादूगाराचं नाव आहे, पंखवाला ड्रॅगन नाही. तो दर दहा वर्षांनी खोऱ्यातली एक मुलगी मनोऱ्यात घेऊन जातो. यावेळी अग्नेश्का. हिच्या कपड्यांना कायम चिखल, केसात काड्या, मला लगेच आवडली. त्याची जादू पोथीतली, शिस्तीची. हिची जादू गुणगुणत, वाट शोधत, रानात भाजी शोधल्यासारखी. तो हैराण. प्रेम आहे पण थोडंच, तिच्या मैत्रिणीसाठी ती जे करते ते त्याहून मोठं.

पण खरी नायिका रान आहे. ते रान माणसं गिळतं. आणि का गिळतं याला कारण आहे, ते शेवटी कळतं. आमच्या देवराईतून वाळलेली काटकीसुद्धा चुलीला आणत नाहीत. लहानपणी मी एकदा विचारलं, आणली तर काय होईल. बाबा म्हणाले काय होणार, काही नाही होणार. पण आणायची नाही. हे दुसऱ्या कुठल्या फँटसीवाल्याला कळलेलं मी पाहिलं नाही, या बाईला कळलंय. तिच्या रानाचा राग पोलंडकडच्या लोककथांतून आलाय म्हणे, येऊ दे. बरं पळते, चहा टाकायचाय सोळा माणसांचा

सुरंगी
विहीर नंबर दोन मिळाली. देवराईतली, लावणी झाली की परत ये, त्या कारणाबद्दल बोलायचंय.

कातळसडा
ओसरीकाका मघाशी म्हणाले मराठीत का नाही. मला वाटतं सामान सगळं आहे. आरवलीचा वेतोबा घ्या. भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, आणि त्या झिजतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो. त्या चपला बनवणाऱ्याच्या मुलीची गोष्ट कुणी लिहायला हवी.

मांडवी_प्रवासी
मार्लेश्वराचं लग्न!! दर मकरसंक्रांतीला साखरप्याच्या गिरिजादेवीशी. पालखी, मानपान, वऱ्हाड, सगळं माणसांसारखं. दरवर्षी त्याच नवऱ्याशी नव्याने लग्न, याहून रोमँटिक काय असतं.

बांगडा_फ्राय
दरवर्सा? एकदाच केलंय ताच निस्तरतंय मी

ओसरी
लिहा पण जपून. देवाच्या लग्नावर खांद्यांची वर्णनं टाकलीत तर गावात राहायचं आहे तुम्हाला. आणि दशावतारातले राजे बघा, रात्रभर जागून बघितलेत आम्ही, शेला, तलवार, मध्यरात्री संकासुर. तो कलाकार सकाळी एसटीत शेजारी बसलेला असायचा, डोळ्यात काजळ तसंच.

तळ्यात_मळ्यात
काका हेच लिहा ना!! खरंच सांगतेय. रात्री राजा आणि सकाळी एसटीत. मी वाचेन.

ओसरी
बघू. डोळ्याचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात, त्यानंतर.

तिन्हीसांज
काका कुठे करताय ऑपरेशन? माझ्या सासऱ्यांचं झालं नुकतंच, थेंब वेळेवर घाला, तेच महत्त्वाचं.

ओसरी
मुलगा मुंबईला नेतोय. गणपतीआधी परत यायचंय, तिकीट मिळेल की नाही कोण जाणे.

मांडवी_प्रवासी
काका आता बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही. सकाळी आठला बसायचं, आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंग. मी काढून देते हवं तर, तारीख कळवा. मुलाला सांगा आधार जोडून ठेवायला.

पाऊसवेडी
मला पण दोन ठाणे-कुडाळ, तुतारी चालेल

मांडवी_प्रवासी
मी एजंट नाही हो 😄 

नवी_वाचक
एमिली वाइल्ड मागवलं. ते संपलं की कुणाला हवं असेल तर सावंतवाडीत आहे, एसटीच्या पार्सलने पाठवेन. वाचून परत करायचं, कोपरे दुमडायचे नाहीत.

अबोली
मला हवंय. मी मालवणला आहे. बदल्यात जॅस्मिन थ्रोन पाठवते?

नवी_वाचक
चालेल की

हापूसप्रेमी
एवढं सगळं वाचायला वेळ नाही. वर कुणीतरी सोलं म्हणालं ते विकता का? आगळ असेल तर दोन बाटल्या हव्या होत्या, मीठ घातलेलं.

सुरंगी
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.